निळ्या तळाखालचे घर

मित्रांनो, जुन्या वस्तूने बोलायला लागण्यापूर्वी आपले वय सांगावे, अशी रीत आहे. मला ते नीट सांगता येत नाही, कारण मी दोनदा जन्मले. आज मी वाळूची पेटी आहे: लांबट, उथळ, एका मुलाच्या नजरेत पूर्ण मावेल एवढी, आतून निळी. त्याआधी मी जेवणाचे टेबल होते. टेबलाच्या भोवती माणसे असतात. पेटीच्या आत असतात, बोटाएवढी आणि प्लॅस्टिकची. यातली बढती कोणती आणि शिक्षा कोणती, हे ठरवण्याचे काम मी तुमच्यावर सोपवते.

टेबल असताना माझ्यावर एक नवरा-बायको जेवत. दोघे उत्तम शिकलेले होते, म्हणून ते ओरडत नसत. सभ्य, व्याकरणशुद्ध, पूर्ण वाक्यांत ते एकमेकांना सोलत. त्या वेळी त्यांचे मूल माझ्याखाली येऊन बसे. तो मुलगा होता की मुलगी, हे मला कधीच कळले नाही. टेबलाला खालचे दिसत नाही, फक्त स्पर्श कळतो. त्या मुलाजवळ मेणाचे खडू असत. पाठीवर निजून ते माझ्या खालच्या अंगावर चित्र काढी. एक घर, त्याला खिडकी, दार, आणि दाराआड कोणीतरी. वरचे बोलणे फार धारदार झाले, की ते बोटांच्या पेरांनी खालून ठोके. टक, टक. वर क्षणभर शांतता पडे. ‘पाइप वाजला वाटतं,’ असे कोणीतरी म्हणे, आणि जेवण व भांडण ही दोन्ही कार्ये पुढे सुरू होत.

पुढे ती दोघे वेगळी झाली. कपाटे, गाद्या, भिंतीवरचे घड्याळ, सगळ्याचा निकाल लागला. अडले ते माझ्यापाशी. मी दोघांनाही नको होते. परंतु मी दुसऱ्याला मिळू नये, ही इच्छा मात्र दोघांची अगदी सारखी होती. त्या संसारातले ते शेवटचे एकमत. म्हणून मला लाकूड म्हणून विकण्यात आले. मुलाचे काय झाले, ते मला ठाऊक नाही. मुलाला लाकूड म्हणून विकता येत नाही, एवढेच मी जाणते.

सुताराने मला कापले, माझ्या कडा तासल्या. माझी वरची बाजू गरम भांड्यांच्या वर्तुळांनी डागाळलेली होती. म्हणून त्याने मला पालथे केले आणि खालची गुळगुळीत बाजू आत घेतली. चित्र त्याने पाहिले. ‘पोरांचे उद्योग,’ असे म्हणून तो हसला आणि त्यावर निळा रंग फासला. मेणावर रंग फार दिवस धरत नाही. ते त्याला माहीत असावे. पण पेटी त्या दिवशी द्यायची होती, आणि त्या दिवशी ती निळीशार दिसत होती.

मला घेऊन गेली ती खेळताई. तिच्या दारावरच्या पाटीवर याहून लांब आणि भारदस्त पद लिहिलेले आहे; मुलांनी ते वाचले आणि ताबडतोब आखूड केले. तिची खोली दातांच्या दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर आहे. मधूनच खालून यंत्राची बारीक किरकिर येते, आणि मुले आपोआप तोंड मिटून घेतात. भिंतीला फळ्या आहेत. त्यांवर माणसे, गुरे, कुंपणे, पूल, मोटारी, राक्षस आणि थडगी ओळीने उभी असतात. ज्यांचे आईवडील वेगळे होत आहेत, अशी मुले येथे येतात, फळीवरून हवे ते उचलतात आणि माझ्यातल्या वाळूत मांडतात. मोठ्यांना जे बोलून लपवता येते, ते मुलांना मांडून दाखवता येते, असे या विद्येचे सार आहे. वाळू बाजूला सारली की खाली निळे दिसते. ते पाणी समजायचे.

ताई शेजारी बसून पाहते. ‘हे असं का ठेवलंस?’ असे ती विचारत नाही. मूल खोलीत असेपर्यंत त्याने मांडलेले जग ती मोडत नाही. ते गेल्यावर ती एकेक वस्तू उचलते, झोपलेल्या माणसाच्या अंगावरून पांघरूण काढावे तशी. माझ्यासमोरच्या फळीवर तिचे जाडजूड ग्रंथ आहेत. ते ती कधीकधी मोठ्याने वाचते, त्यामुळे माझे शिक्षण आपोआप झाले. त्या ग्रंथांत माझा उल्लेख ‘साधन’ असा येतो आणि मुलांचा ‘प्रकरण’ असा. दोन्ही शब्द मोठ्यांनी शोधलेले आहेत, आणि दोहोंमध्ये त्यांनी स्वतःला जागा ठेवलेली नाही.

माझे चांगले दिवस पुष्कळ झाले. या खोलीत मुलाने स्वतःचे नाव स्वतः ठेवायचे असते. एकाने ‘वकील’ हे नाव घेतले, कारण घरी सगळे वकिलालाच घाबरत. त्याने सगळी जनावरे माझ्या कडेने रांगेत उभी केली आणि तासभर ताटकळत ठेवली. जाताना म्हणाला, ‘आज साहेब येणार नाहीत. पुढची तारीख घ्या.’ ताई हसली नाही. तो गेल्यावर मात्र खुर्चीत बसून बराच वेळ हसली, आणि मग हसणे थांबले तरी तिचे खांदे हलत राहिले. मोठमोठे जाणकार येऊन मला पाहून गेले. ‘किती साधी कल्पना,’ असे म्हणाले आणि माझ्या वाळूत बोट बुडवून, रुमालाला पुसून गेले.

वर्षे गेली. तळाचा निळा रंग एका कोपऱ्यात सुटू लागला. इकडेतिकडे नव्हे, नेमका मेणाच्या रेघांवरून. त्याच सुमारास ती मुलगी आली.

‘इथे तू काहीही मांडू शकतेस,’ ताई तिला म्हणाली. ‘वाळू कुणाच्या डोळ्यांत फेकायची नाही, एवढंच. तुला काय नावाने हाक मारू?’

‘पाहुणी.’

ताईने कारण विचारले नाही. मुलीने आपणहून सांगितले. ‘दोन्हीकडे माझी बॅग भरलेलीच असते ना, म्हणून.’

तिचे वय पुढचे दात नुकते आलेले असण्याचे. आईवडिलांचा दावा न्यायालयात होता. न्यायालयाने ताईकडून मुलीविषयी अहवाल मागवला होता, आणि त्यानंतर न्यायाधीशबाई मुलीला समोर बसवून विचारणार होत्या की तुला कुणाकडे राहायचे आहे. दोन्ही बाजूंच्या कागदांत ‘मुलीचे हित’ हे शब्द सारख्याच अक्षरांत होते. शब्द उसने घ्यायला हरकत नाही. पण दोघांनी एकाच दुकानातून आणले होते.

पहिल्या खेपेला तिने माझ्यात हात घातला, तेव्हा तिच्या नखांतून मीठ माझ्या वाळूत पडले. दुसऱ्या खेपेला गुलाबी रेतीचे कण पडले, दुकानात पिशवीतून मिळते तसल्या रंगीत रेतीचे. मला नवल वाटले. तिचे हात मात्र नवख्यासारखे वागत नव्हते. तिने न अडखळता फळीवरून आई, बाबा, कुंपण आणि मोटार उचलली. आईला घराबाहेर ठेवले, कुंपण घातले, मान वाकडी करून पाहिले आणि आईचे तोंड किंचित वळवले.

‘हसत ठेवायचं,’ ती स्वतःशीच पुटपुटली. ‘रागाने ठेवलं तर चालणार नाही, बाबा म्हणालेत.’

मागच्या खेपेला तिने बाबांना मोटारीत बसवले होते, आणि मोटारीचे तोंड दाराकडे वळलेले पाहून घाईघाईने रस्त्याकडे फिरवले होते.

मग तिच्या अशा पुटपुटण्यातून सगळे उलगडले. बाबांनी बाजारातून छोटी पेटी आणि गुलाबी रेती आणली होती. आईने ओव्हनच्या ट्रेमध्ये मीठ पसरले होते. ताई मुलांच्या मांडणीवरून काहीतरी लिहिते, एवढे दोघांच्या कानावर गेले होते, आणि दोघे सुशिक्षित असल्यामुळे त्यांनी निष्कर्ष काढला होता: मुलीकडून सराव करून घ्यावा. मित्रांनो, या जगात मी पुष्कळ दुष्टपणा पाहिला आहे, आणि त्यातला बराचसा पाहून झोप तरी लागते. पण मुलाचा खेळ घरी बसवून, घोटून, चुका दुरुस्त करून पाठवणारी माणसे दुष्टही नव्हती. त्यांना खरोखर वाटत होते की आपण तिच्या भल्याचे करतो आहोत. म्हणूनच त्यांच्या हातून हे इतके नीटनेटके झाले.

मुलीने हात झटकले. ‘झालं. आता माझं खेळू?’

‘सगळं तुझंच तर आहे,’ ताई म्हणाली.

‘नाही, तो गृहपाठ होता.’

ताईने तिच्या नखांकडे पाहिले. मुलगी माझ्या त्या कोपऱ्याशी गेली आणि दोन्ही हातांनी वाळू उकरू लागली. निळे लागले. ती आणखी खाली वाकली.

‘पाण्याखाली खिडकी आहे,’ ती म्हणाली.

पुढच्या खेपेपासून तिचा तोच क्रम ठरला. आधी गृहपाठ, भराभर, मग कोपरा. ती नखाने हळूहळू निळे खरवडे, आणि दर वेळी घर थोडे अधिक वर येई. दार आले. मग दाराआडचे कोणीतरी आले.

‘मागच्या वेळी ती आत होती,’ मुलगी कुजबुजली. ‘आता दारात आलीय.’

मेणावरून रंग सुटतो, त्याला कोणी काय करणार, असे मी स्वतःला समजावले. परंतु मित्रांनो, खोली बंद झाल्यावर, अंधार पडायच्या आधी, वाळू बसताना जो बारीक आवाज करते, त्या आवाजात मला दुसराही एक आवाज येऊ लागला होता. खालून. टक, टक. माझ्याखाली आता रिकाम्या चौकटीशिवाय काही नाही. दातांचा दवाखाना तेव्हा बंद झालेला असे.

मुलीलाही तो येत असावा. ती बोलता बोलता थांबे आणि तळाला कान लावी. एकदा तिने फळीवरून लाल फ्रॉकची बोटाएवढी मुलगी घेतली, घराच्या दारावर उभी धरली आणि डोके दिसेनासे होईपर्यंत वाळूत पुरली.

‘हिला काढू नका हं, मी गेल्यावर,’ ती म्हणाली.

‘ती तिथे कशी आहे?’ ताईने विचारले.

‘बरी आहे. वर आता विचारणार आहेत ना, तुला कुणाकडे राहायचंय म्हणून. मी एक सांगितलं की दुसरं रडणार. खाली कुणी काही विचारत नाही. तिच्याकडे एकच घर आहे.’ मग ती वाळू थोपटत सहज म्हणाली, ‘ताई, माणूस वाळूखाली किती वेळ राहू शकतो?’

ताईचे हात मांडीवर होते, ते तसेच राहिले. ‘माणूस वाळूखाली राहू शकत नाही. अजिबात नाही. कोणती वाळू गं?’

‘बाबांच्या नव्या घरासमोर बांधकाम चाललंय. तिथे मोठा ढीग आहे. माझ्याहून उंच.’

त्या खोलीत जे घडते ते, न्यायालयाच्या अहवालाखेरीज, बाहेर जात नाही, हा ताईचा नियम. तो तिने त्या क्षणी मोडला, आणि मोडतेय हे मुलीला सांगून मोडला. ‘हे मला आईला आणि बाबांना सांगावं लागेल. तुला काही होऊ नये म्हणून.’ मुलीने मान हलवली. तिला हायसे वाटले की फसवल्यासारखे, हे मला वाळूतून कळले नाही. ताईने मुलीला शेजारी बसवून दोघांना फोन केले.

‘ते निघून गेले की मी येते,’ आई म्हणाली असावी, कारण ताई म्हणाली, ‘नाही. एकाच वेळी, एकाच दाराने. आत्ता.’

ती दोघे आली. प्रथम दाराबाहेर ताईने त्यांना सगळे सांगितले. मला फक्त आईचा श्वास ऐकू आला. आत आली तेव्हा दोघांचे चेहरे ओल्या वाळूच्या रंगाचे होते. तरी सवय कोणाची सुटते?

‘तो ढीग मी कधीच हलवायला सांगणार होतो,’ बाबा म्हणाले.

‘तुम्ही सगळंच कधीतरी सांगणार होतात,’ आई म्हणाली. ‘माझ्याकडे असती तर हे झालं नसतं.’

‘तुझ्याकडे असताना ती मिठात खेळायची. ऐकलंय मी.’

‘आणि तुमच्याकडे गुलाबी रेतीत. मोठा फरक पडला.’

ताईने दोन बुटके स्टूल माझ्या दोन बाजूंना ठेवले. ‘बसा. आज ती खेळणार नाही, तुम्ही खेळणार आहात. तिने स्वतःला यात लपवलंय. तुम्ही शोधायचं, असं तिचं म्हणणं आहे.’

मुलगी दाराजवळच्या भिंतीला टेकून उभी होती. दोघे येण्याआधी तिने लाल फ्रॉकची मुलगी कोपऱ्यातून काढून दुसरीकडे पुरली होती, आणि माझी वाळू तळहाताने सपाट केली होती.

दोघांनी बाह्या वर केल्या. माझ्या इतक्या वर्षांत इतके मोठे हात माझ्यात कधी आले नव्हते. सुरुवातीला ते बोटांनी चाचपत होते. मग ओंजळी भरून उपसू लागले. बाबांची अंगठी तळावर करकरली. आईचे नख मोडले, तिला कळलेही नाही. पण एक गोष्ट मी पाहिली आणि माझ्या लाकडातून जुनी कळ गेली. माझ्या मधोमध कोणी रेघ मारलेली नव्हती, तरी दोघांचेही हात तिच्या अलीकडे थांबत. बाबा आपल्या अर्ध्यात शोधत होते, आई आपल्या. आणि उपसलेली वाळू कोठे टाकावी, तर दोघेही पुढे, मध्यावर ढकलत होते.

‘माझ्या बाजूला नाहीये,’ आई म्हणाली. ‘तुमच्याकडेच असणार. नीट बघा.’

‘मी तळापर्यंत गेलोय. तुझ्याकडे बघ. तुला दिसत असलेलंही दिसत नाही.’

‘कुणाला काय दिसत नाही, ते...’

टक, टक.

दोघे थांबले. आवाज खालून आला होता. बाबांनी मुलीच्या पायांकडे पाहिले; ती लांब होती, भिंतीपाशी, पाय जुळवून.

‘पाइप असेल,’ बाबा म्हणाले. तेच शब्द, मित्रांनो. माझ्या दोन जन्मांत एवढे अंतर आहे, आणि माणसांना दुसरे वाक्य सुचलेले नाही.

‘पाइप नाही,’ मुलगी म्हणाली. तिचा आवाज मुळीच चढला नव्हता. ‘थांबा ना आता. तुम्ही माझ्यावरच टाकताय.’

त्यांनी खाली पाहिले. दोन्ही अर्धे रिकामे झाले होते, निळे, भगभगीत. आणि मधोमध एक उंच, टोकदार ढीग उभा होता, दोघांनी मिळून रचलेला. ती त्याच्या बुडाशी होती. सुरुवातीला तिच्या अंगावर चिमूटभर वाळू होती. बाकीची सगळी शोधाशोधीतून आली होती.

 मग बाबांनी हात पुढे केला आणि त्यांच्या बाजूने वाळू ओढली. तशी आईच्या बाजूची घसरून आणखी आत गेली. आईने आपल्या बाजूने हात लावून ती धरली. ‘हळू,’ ती म्हणाली, आणि त्या शब्दाला, प्रथमच, कोणताही काटा नव्हता. एकाने धरायचे, दुसऱ्याने काढायचे. ते काम फार सावकाश झाले. लाल फ्रॉक दिसला तेव्हा दोघांपैकी कोणीच तिला उचलले नाही. आईने मुलीकडे पाहिले. मुलगी आली आणि तिने स्वतःला स्वतःच बाहेर काढले, फुंकर मारली आणि खिशात घातले.

ती दोघे पुन्हा एकत्र आली नाहीत. तशी गोष्ट हवी असेल, तर दुसऱ्या एखाद्या वस्तूकडे जावे. त्याच संध्याकाळी बाबांनी कंत्राटदाराला गाठून तो ढीग हलवून घेतला आणि शेवटचे फावडे उचलले जाईपर्यंत तेथे उभे राहिले; आईही रस्त्याच्या पलीकडे उभी होती. न्यायाधीशबाईंना दोघांनी मिळून सांगितले की हा प्रश्न तिला विचारू नये, ती कुणाकडे कोणते दिवस राहील, ते आम्हीच ठरवून आणले आहे. मोठ्यांचा प्रश्न मोठ्यांनी सोडवण्यात शौर्य कसले? पण या खोलीत ते इतके दुर्मीळ आहे, की मी ते येथे नमूद करते.

मुलगी त्यानंतरही काही महिने येत राहिली. नखांत मीठ नव्हते, गुलाबी कण नव्हते. एकदा ती म्हणाली, ‘आता मला पाहुणी नका म्हणू. बॅग रिकामी आहे.’

‘मग काय म्हणू?’

‘ठरवते.’

शेवटच्या दिवशी तिने कोपरा उकरला, वाकून पाहिले आणि बराच वेळ पाहतच राहिली. ‘ती गेली,’ ती म्हणाली.

खरेच आहे. खिडकी आहे, दार आहे. दारातल्या आकृतीच्या जागी आता फक्त खरवडलेले, कोरे लाकूड आहे. अंगठी करकरली होती, नख मोडले होते. कोणीही समंजस माणूस तेच कारण देईल. मी देत नाही. दोन मोठी माणसे एकमेकांना ‘हळू’ म्हणत होती, तेव्हा माझ्या तळाखालून काहीतरी हलके उठले आणि निघून गेले. टेबलाखालून मूल बाहेर येते, तेव्हा लाकडाला जसे वाटते, अगदी तसे.

मित्रांनो, आता माझा तळ फार झिजला आहे. पुढच्या आठवड्यात मला पुन्हा निळे रंगवणार आहेत. जुन्या वस्तू बहुधा तुमच्याकडे रंगरंगोटी मागतात, तेलपाणी मागतात. माझे मागणे उलटे आहे. बाकी सगळी रंगवा, तो एक कोपरा राहू द्या. एक मूल निघून गेले असेल, पण घर अजून रिकामे राहत नाही. परवा एक नवा मुलगा आला, त्याने वाळू सारली आणि म्हणाला, ‘खिडकीत कुणीतरी आहे.’

आणि तुम्ही हे जर एखाद्या टेबलाखाली बसून वाचत असाल, वर दोन माणसे सभ्य आवाजात बोलत असतील, तर वाळू शोधायला जाऊ नका. पुस्तक बाजूला ठेवा आणि खालून ठोका. ती म्हणतील, पाइप आहे. पुन्हा ठोका. मग बाहेर या, त्यांच्यासमोर उभे राहा आणि सांगा की पाइप नव्हता.